आटणारा थेंब

रात्री साडेअकरानंतर मी एकेक बंद करत जाते :
पंखा, एसी, कोपऱ्यातला घरघरणारा फ्रिज,
माझा मोबाइल.
वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या तन्मयला बजावते,
तासभर लिफ्टला हात लावायचा नाही.
मोजायचा प्रवाहच इतका किरकोळ
की पाषाणच्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला
तरी आलेख दचकतो.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून केलेला पिंजरा,
त्याला अर्थिंगची हिरवी वायर,
आणि आत मोमीनचाचांनी काचेत बसवलेली
प्लॅटिनमची तार, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी.
मला ती दिसत नाही.
त्यांनाही दिसत नसावी.
ज्योतीत नळी फिरवताना म्हणायचे,
"बोटानं बघ. काच मऊ झाली की ती सांगते."
पाच वर्षांत माझ्याशी एवढंच बोलले होते.

मग घुसळण.
जड, गोडसर वासाच्या द्रवात चिमूटभर पाणी,
घुसळलं की ताकासारखं पांढुरकं.
त्या ताकात लाखो थेंब,
प्रत्येकाच्या पोटात थोडी साखर, एक एन्झाइम,
आणि इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा एक निरोप्या.
त्यातला एखादा भरकटत येऊन तारेच्या टोकावर टेकतो.
आवाज नाही.
पडद्यावरची आडवी रेघ फक्त
बसलेली व्यक्ती उठावी तशी उठते.

इथपर्यंत सगळं पुस्तकात होतं.

थेंब मग आटायला लागतो.
भोवतीचा द्रव त्याला कडेकडेनं पिऊन टाकतो.
मला वाटलं, आता रेघही उतरेल.
ती चढतच राहिली.
बीकरमध्ये हीच अभिक्रिया
दुपारी जेवून लवंडलेल्या माणसासारखी,
आणि इथे, मरायला टेकलेल्या थेंबात, तिची ही घाई!

सहा आठवडे मी तिला गळती समजले.
वायर बदलली, डबा बदलला, मीठ बदललं.
खांबेटे मॅडम म्हणाल्या, "साखर काढून बघ."
काढली. रेघ आडवी.
"एन्झाइम काढून बघ."
आडवी.
मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला,
आणि कँटीन बंद झालं का, एवढंच विचारलं.

मला सुचलं ते असं :
थेंब जितका लहान तितका त्यात काठच जास्त.
मधोमध असं काही उरत नाही.
जो तो काठावर, जो तो कुणाच्या तरी खांद्याला लागून,
सभागृहात वर्षभर न भेटलेली दोन माणसं
टपरीवरच्या बाकड्यावर दोन मिनिटांत व्याही होतात तशी.
पेपरात हे लिहिता येत नाही.
तिथे आपण "पृष्ठभाग-घनफळ गुणोत्तर" म्हणतो.
आणि खरं कारण कोणतं, हे अजून भांडणातच आहे.

चाचा या तीस तारखेला निवृत्त होणार.
गेल्या पंधरवड्यात रोज चहा घेऊन येतात,
माझ्या स्टुलावर बसतात आणि बोलत सुटतात :
भवानी पेठेतली पहिली खोली,
भट्टीत तडकलेली पहिली नळी,
भावाशी अबोला धरला ती ईद,
झुलेखाचाचीसाठी काचेचा बगळा केला होता
आणि घरी नेताना बसमध्ये त्याची मान मोडली.
एका कपात सोळा-सतरा वर्षं.
मध्येच थांबून, "ज्योत निळी झाली की लगेच हात मागे घ्यायचा, लिहून घे."
मी लिहून घेते.
चहा निवतो.
मी त्यांना आलेख दाखवला नाही.

आज दोन वाजून दहा मिनिटांनी एक थेंब संपला.
शेवटच्या क्षणी रेघ सुळक्यासारखी वर गेली
आणि कोसळली, एकदम, तळापर्यंत.
वेळ लिहिली. फ्रिज सुरू केला.
खणात चाचांनी जास्तीच्या नऊ तारा ठेवल्यात,
रूईत गुंडाळून,
वर त्यांच्या वाकड्या अक्षरात चिठ्ठी :
टोकाला हात लावू नये.